पत्र्याच्या आगबोटी : एका खेळण्याचा इतिहास

२०१० सालच्या डिसेंबर महिन्यात, नाताळ तोंडावर आलेला असताना, न्यूयॉर्क शहरातील सदबीज या प्रख्यात लिलावगृहात एक आगळाच लिलाव झाला. विक्रीस मांडली होती ती खेळणी. 'फोर्ब्स' मासिकाचे दिवंगत मालक माल्कम फोर्ब्स यांनी आयुष्यभर जमविलेल्या पत्र्याच्या आगबोटी, युद्धनौका आणि शिशाचे शिपाई यांवर धनिक मंडळी बोली लावीत होती. त्यांतील एक आगबोट दीड लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. तिचे नाव 'लुसिटानिया'. बनविणारी कंपनी जर्मनीतील मेर्कलिन.

इतिहास वाचलेला माणूस त्या नावापाशी थबकेल. खरी लुसिटानिया ही इंग्लंडची भव्य प्रवासी आगबोट. ७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मनीच्या यू-२० या पाणबुडीने पाणतीर सोडून तिला बुडविले. सुमारे अठरा मिनिटांत ती तळाशी गेली आणि अकराशेहून अधिक जीव प्राणास मुकले; त्यांत लहान मुलेही होती. खेळण्यातील लुसिटानिया मात्र त्याआधीच जर्मन कारागिरांच्या हातून घडली होती. तिची चारी धुराडी, ओळीने टांगलेल्या होड्या, तिचे कठडे हे सारे एका जर्मन गावातील कामगारांनी मोठ्या मायेने रंगविले होते. ज्यांच्यासाठी ती पाठविली जाई ती मुले शत्रूची ठरायला अजून काही वर्षांचा अवकाश होता.

जुनी खेळणी जमविणे हा श्रीमंतांचा चाळा आहे, असे म्हणून हा विषय बाजूला सारता येईल. प्रथम मीही तसाच सारला होता. परंतु या आगबोटी कोठे घडल्या, कोणासाठी घडल्या आणि त्या घडविणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे शोधू लागल्यावर ध्यानात आले, की विसाव्या शतकाच्या आरंभीचा युरोप आपल्यापुढे एका वीतभर पत्र्यात उभा आहे.

किल्ली दिली की चालणारे जहाज ही कल्पना तशी फार जुनी. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक सोनेरी गलबत आहे. दक्षिण जर्मनीतील आउग्सबुर्ग नगराचा घड्याळजी हान्स श्लोटहाइम याने ते १५८५ च्या सुमारास घडविले. त्याच्या पोटात घड्याळाची यंत्रणा. ती सुरू केली, की गलबत मेजवानीच्या टेबलावरून सरकत जाई, वाद्ये वाजत, इवलेसे राजपुरुष सम्राटापुढून मिरवत जात आणि शेवटी तोफा उडत. ते अर्थातच मुलांसाठी नव्हते. राजेरजवाड्यांच्या पाहुण्यांना थक्क करण्यासाठी होते. राजाच्या टेबलावरचे हे कौतुक घरच्या मुलांच्या हाती यायला पुढे तीनशे वर्षे लागली, आणि त्यासाठी सोन्याची जागा पत्र्याने घ्यावी लागली.

पत्रा म्हणजे आपल्या तेलाच्या डब्याचा पत्रा. लोखंडाच्या पातळ पत्र्यावर कथलाचा मुलामा दिला की तो गंजत नाही, सहज वाकतो आणि त्याला झाळ चांगली धरते. पितळेच्या भांड्याला कल्हई लावताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना कथलाचा हा गुण सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात असा पत्रा स्वस्त झाला आणि दक्षिण जर्मनीतील डबे, कंदील, नरसाळी करणाऱ्या कारागिरांनी उरलेल्या वेळात बाहुल्यांची भांडी करावयास घेतली. न्यूरेम्बर्ग हे तर खेळण्यांचेच नगर. बाहुल्या करणारे कारागीर तेथे मध्ययुगापासून होते, आणि खिशात मावणारे घड्याळ करण्याबद्दल ख्याती पावलेला पेटर हेन्लाइनही तेथलाच. पत्रा आणि कमान, दोन्ही विद्या एकाच गावात नांदत होत्या.

मेर्कलिनची गोष्ट मात्र न्यूरेम्बर्गची नव्हे, ती ग्योपिंगन या लहान गावची. १८५९ मध्ये थिओडोर मेर्कलिन नावाच्या पत्राकाम करणाऱ्या गृहस्थाने तेथे बाहुलीच्या स्वयंपाकघरातील भांडी बनविण्याचा उद्योग काढला. त्याची पत्नी कारोलिन त्या भांड्यांचे नमुने घेऊन दक्षिण जर्मनी व स्वित्झर्लंडमधील दुकानदारांकडे स्वतः फिरे. त्या काळी एकट्या स्त्रीने मालाचे नमुने घेऊन परगावी हिंडावे हे नवलच होते. १८६६ मध्ये पती अपघाताने वारला. पदरी मुले, कारखाना नुकता कोठे पायांवर उभा राहिलेला. कारोलिनने दुसरा विवाह केला, पण धंदा सोडला नाही. वीसहून अधिक वर्षे तिने तो तगवून ठेवला. १८८८ मध्ये तिच्या मुलांनी 'मेर्कलिन बंधू' म्हणून कंपनी नव्याने उभी केली. १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी रुळांवरून धावणारी किल्लीची आगगाडी मांडली आणि जग त्यांना ओळखू लागले. कंपनीच्या नावात बंधू आले, आई आली नाही. परंतु ती नसती तर पुढची आगगाडीही नसती आणि आगबोटही.

आगगाडीच्या पाठोपाठ आगबोटी आल्या. न्यूरेम्बर्गमध्ये इग्नाझ आणि आडोल्फ या बिंग बंधूंचा कारखाना एव्हाना अवाढव्य झाला होता. पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर तेथे पाच हजारांच्या आसपास माणसे काम करीत. हे ज्यू कुटुंब. त्यांच्याच नगरात जॉर्ज कारेत नावाचा पॅरिसचा मनुष्य १८८६ पासून कारखाना चालवीत होता. म्हणजे जर्मन, ज्यू, फ्रेंच असे सारेच आगबोटी घडवीत होते आणि एकमेकांशी चुरस करीत होते.

आगबोट घडविण्याचे काम आगगाडीहून अवघड. डबा गळला तरी गाडी धावते. बोट गळली की संपले. आपल्यापैकी कोळीवाड्यात वाढलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. बोटीच्या सांगाड्याचे दोन अर्ध पोलादी साच्यात दाबून काढीत आणि तळाशी मधोमध झाळून जोडीत. ही झाळ अखंड हवी. आत खोलवर, तोल सांभाळला जाईल अशा बेताने, कमानीची यंत्रणा बसवीत. किल्लीचे भोक डेकवर, कधी तर धुराड्यातच दडविलेले. कमान उलगडू लागली की दातेरी चाके फिरत आणि शेवटी मागचा पंखा पाणी कापू लागे. सुकाणू हाताने हवे तसे वळवून ठेवता येई. शहाणा मुलगा ते किंचित तिरके ठेवी, म्हणजे बोट वळसा घेऊन काठाला परत येई. उतावळा मुलगा ते सरळ ठेवी आणि कमान तळ्याच्या मध्यावर संपे. मग वारा अनुकूल होईपर्यंत काठावर बसून राहणे आले.

पाणबुड्याही होत्या, आणि त्यांची युक्ती मला फार आवडते. पाणबुडी मुळात पाण्याहून हलकी ठेवलेली असे. पंखा ढकलीत असेतोवर तिचे तिरपे पंख तिला खाली खेचीत. कमान संपली, ओढ थांबली, की ती आपोआप वर येई. खऱ्या पाणबुड्यांतील खलाशांना अशी हमी कोणी दिली नव्हती.

रंगकाम हाताने होई. तळ तांबडा, वरचा भाग काळा किंवा पांढरा, धुराड्यांवर कंपनीचे पट्टे. रंगाचा एकेक थर भट्टीत भाजून पक्का करीत. जुन्या कारखान्यांच्या छायाचित्रांत लांब टेबलांशी बसून कुंचला चालविणाऱ्या स्त्रियांच्या रांगा दिसतात. स्वस्त मालासाठी सपाट पत्र्यावरच शिळाछापाने चित्र छापून मग तो कापीत, वाकवीत आणि पत्र्याच्या जिभा खाचांत अडकवून जोडीत. मेर्कलिनच्या थोर आगबोटी जवळजवळ एक मीटर लांबीपर्यंत जात. अशी बोट कामकऱ्याच्या घरी येणे शक्य नव्हते. ती वकिलाच्या, कारखानदाराच्या, उमरावाच्या घरी नाताळच्या झाडाखाली प्रकटे.

येथे खेळण्याच्या इतिहासात राजकारण शिरते. आगबोटींचे खूळ त्याच वर्षांत का वाढले? १८९८ मध्ये जर्मनीने अ‍ॅडमिरल तिर्पित्झच्या आग्रहाने आरमाराचा कायदा केला. १९०० मध्ये दुसरा कायदा आला आणि आरमार दुप्पट करण्याचे ठरले. कैसर विल्हेल्मला युद्धनौकांचे वेड होते. आरमाराच्या पुरस्कारासाठी त्याच १८९८ साली एक संघ स्थापन झाला आणि त्याचे सभासद लाखांत मोजले जाऊ लागले. मुलांना खलाशाचा पोशाख घालण्याची रीत इंग्लंडच्या राजघराण्यातून आली होती; चित्रकार विंटरहाल्टरने १८४६ मध्येच व्हिक्टोरिया राणीच्या मुलाला त्या वेषात रंगविले होते. आता बर्लिनपासून खेड्यापर्यंत जर्मन मुलगे निळी पट्टेरी कॉलर मिरवू लागले. १९०६ मध्ये इंग्लंडने 'ड्रेडनॉट' ही महायुद्धनौका पाण्यात सोडली आणि चढाओढीला धार आली. खेळण्यांचे कारखानदार वर्तमानपत्रे वाचीत होतेच. बंदरातील नवी बोट थोड्याच काळात त्यांच्या सूचिपत्रात उतरे.

पण व्यापाऱ्याला शत्रू-मित्र नसतो. एकाच साच्यातून निघालेली युद्धनौका जर्मनीसाठी जर्मन नावाने, इंग्लंडसाठी इंग्रजी नावाने, तर फ्रान्स व अमेरिकेसाठी त्या त्या देशाच्या नावाने विकली जाई. निशाण बदलले, मागच्या बाजूचे नाव बदलले, की झाले. तोफा त्याच, डोलकाठ्या त्याच. लंडनच्या होबर्न भागातील गॅमेज यांच्या भव्य दुकानात ही जर्मन खेळणी मांडलेली असत. नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या व्यापाऱ्याची १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात स्टेफान बिंग यांच्याशी गाठ पडली आणि दोघांचा व्यवहार जडला तो कायमचा. ब्रिटिश आरमाराचा अभिमान बाळगणारा लंडनचा मुलगा केन्सिंग्टन बागेतील गोल तळ्यात जी ब्रिटिश नौका सोडी, ती बहुधा न्यूरेम्बर्गची असे. १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानुसार परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालणे भाग होते. पण नौकेचा तळ उलटून कोणते मूल वाचते?

दहा वर्षांचा असताना, १९०८ च्या नाताळात, ज्याला ही नौका मिळाली तो १९१६ मध्ये अठराचा झाला. त्या वर्षी ३१ मे रोजी जटलंडच्या समुद्रात ब्रिटिश व जर्मन आरमारांची गाठ पडली. दोन्ही बाजू मिळून साडेआठ हजारांहून अधिक खलाशी दोन दिवसांत मेले. इंग्लंडने ज्या जॉन कॉर्नवेलला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस दिला, तो 'चेस्टर' या नौकेवरील पोरगा अवघ्या सोळा वर्षांचा होता. तो लंडनच्या गरीब वस्तीतील. त्याच्या घरी मेर्कलिनची बोट आली असण्याचा संभव नाही. परंतु पलीकडच्या नौकांवर अशा बोटीशी खेळलेले तरुण होतेच, आणि अलीकडेही होते.

कारखान्यांचे काय झाले? १९१४ च्या ऑगस्टमध्ये सागर बंद झाला आणि निर्यात थांबली. पत्रा आणि पोलाद तोफगोळ्यांकडे वळले. जॉर्ज कारेत फ्रेंच नागरिक. तीस वर्षे न्यूरेम्बर्गमध्ये राहून, तेथल्या शेकडो माणसांना पोसूनही तो शत्रूच्या देशाचा ठरला. १९१७ मध्ये त्याचा कारखाना बंद झाला. बिंग कारखाना युद्धातून तरला, पण १९३० च्या सुमारास आलेल्या जागतिक मंदीत कोसळला. १९३२ मध्ये तो बुडीत निघाला. स्टेफान बिंग यांनी त्याआधीच वेगळी वाट धरली होती. हिटलरच्या राजवटीत त्यांना जर्मनी सोडून इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला, जेथे त्यांचा जुना मित्र बॅसेट-लोक होता. डोल नावाची दुसरी एक न्यूरेम्बर्गची ज्यू कंपनी १९३८ मध्ये फ्लाइशमान यांच्या ताब्यात गेली. त्या वर्षी ज्यूंनी धंदा 'विकणे' म्हणजे काय होते, हे वाचकांना ठाऊक आहे. पुढे २ जानेवारी १९४५ च्या रात्री न्यूरेम्बर्गचा जुना भाग बाँबवर्षावात जवळजवळ नाहीसा झाला.

इंग्लंडात दरम्यान स्वदेशी बोटी निघाल्या. लीड्सजवळच्या हॉर्सफर्थ येथील सटक्लिफ कंपनीने १९२० पासून १९८२ पर्यंत साध्या, दणकट, मध्यमवर्गाला परवडणाऱ्या बोटी केल्या. लिव्हरपूलच्या हॉर्नबीनेही १९३० नंतर वेगवान मोटारबोटी काढल्या. चांगल्या होत्या, पण त्यांत ते राजवैभव नाही, आणि लिलावातही त्यांना ती किंमत येत नाही.

आता जमविणाऱ्यांकडे वळू. त्यांच्यात मला सर्वांत जवळचे वाटतात ते अर्नेस्ट किंग. १८९० च्या दशकापासून पहिल्या महायुद्धापर्यंत हे लंडनवासी गृहस्थ रस्त्यावरच्या फेरीवाल्यांकडून एकेक पेनीची पत्र्याची खेळणी विकत घेत राहिले. ज्या वस्तूला कोणी किंमत देत नव्हते आणि जी आठ दिवसांत मोडणार हे ठरलेले होते, तीच त्यांनी जपली. तो संग्रह लंडनच्या संग्रहालयात आहे. गरिबांच्या मुलांनी काय खेळले याचा तोच पुरावा. न्यूरेम्बर्गचे खेळणी-संग्रहालयही अशाच एका दांपत्याच्या चिकाटीतून उभे राहिले. लिडिया व पाउल बायर यांनी १९२० च्या दशकात जमवाजमव आरंभिली आणि १९७१ मध्ये संग्रहालयाचे दार उघडले. बिंग आणि कारेत ज्या नगरातून नाहीसे झाले, त्याच नगरात त्यांचा माल असा परत आला.

माल्कम फोर्ब्स यांची तऱ्हा निराळी. पैसा अमाप. पाचशेहून अधिक बोटी जमवून त्यांनी १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरील आपल्या कार्यालयाच्या तळमजल्यावर लोकांसाठी मांडल्या. त्यांचे पुत्र रॉबर्ट यांनी झाक मिले यांच्यासह १८७० ते १९५५ पर्यंतच्या खेळण्यातील बोटींवर १९७९ मध्ये ग्रंथ लिहिला. या विषयाचा अभ्यास करणारे अजून त्याच्याकडे वळतात. माल्कम १९९० मध्ये वारले. वीस वर्षांनी संग्रह लिलावात पांगला आणि २०१४ मध्ये ते दालनही मिटले.

या बोटी इतक्या महाग का? पत्र्याच्या आगगाड्या हजारोंनी उरल्या, मोटारी उरल्या. बोटी थोड्याच उरल्या, कारण त्या पाण्यात सोडल्या गेल्या. कित्येक लंडन-पॅरिसच्या तळ्यांच्या गाळात गेल्या. ज्या परत आल्या त्यांच्या पोटात पाण्याचा अंश राहिला आणि पोलादाची कमान गंजून तुटली. डोलकाठ्या वाकल्या, टांगलेल्या होड्या हरवल्या, किल्ली तर सर्वांत आधी गेली. आज लिलावात लाखांनी विकली जाते ती बहुधा अशी बोट, जिला 'पाण्यात नेऊ नकोस, खराब होईल' अशी घरातल्या वडीलधाऱ्यांनी तंबी दिली होती. म्हणजे ज्या मुलाला ती मिळाली त्याला ती खऱ्या अर्थाने मिळालीच नाही. आमच्या लहानपणी फेस्ताच्या जत्रेत मेणबत्तीच्या ज्योतीवर फटफट करीत परातीत फिरणारी पत्र्याची बोट मिळत असे. ती या आगबोटींची गरीब बहीण. तिचे एकस्व इंग्लंडात राहणाऱ्या टॉमस पियो या फ्रेंच माणसाने १८९१ मध्ये घेतले. ती आम्ही दोन दिवसांत जाळून टाकीत असू. माझ्याकडे तिचा पत्राही उरलेला नाही, आणि त्याचे मला काही वाटत नाही.

खरीखोटी बोट ओळखण्याचेही एक शास्त्र झाले आहे. बिंग कंपनीच्या मालावर आरंभी 'जीबीएन' ही अक्षरे असत; पहिल्या महायुद्धानंतर त्यांच्या जागी 'बीडब्ल्यू' आली. त्यावरून साल ठरते. रंगाची भेगाळलेली कांती, झाळीचा करडा रंग, जिभांची वाकण्याची रीत हे सारे भिंगातून तपासतात. किंमत वाढली तशा नकलाही आल्या. दुरुस्तीवरून तर संग्राहकांत कडाक्याचे वाद आहेत. एक पक्ष म्हणतो, उडालेला रंग पुन्हा भरा, हरवलेली होडी नवी करून लावा. दुसरा म्हणतो, हात लावू नका. नवा रंग चढविला की किंमत निम्म्याने उतरते, असे व्यापारी सांगतात. पण प्रश्न केवळ किमतीचा नाही. तळाशी एखाद्या बापाने घरच्या घरी ओबडधोबड झाळ लावलेली बोट कधीकधी आढळते. त्या झाळीचा गोळा पाहून वाटते, ही तळ्यावर गेली, दगडावर आपटली, मूल रडले, आणि रात्री बापाने कोळशावर लोखंड तापवून ती पुन्हा पाणी धरण्यायोग्य केली. व्यापाऱ्याच्या हिशेबी तो दोष आहे. माझ्या मते त्या बोटीवरची तेवढीच जागा पाहण्यासारखी असते.

संग्रहालयातील बोटींना सहसा किल्ली देत नाहीत. शंभर वर्षांची कमान ताणली तर तुटते, आणि तुटताना दातेरी चाकांनाही घेऊन जाते. म्हणून किल्ली असलीच तर ती बोटीशेजारी काचेच्या कपाटात नुसती ठेवलेली असते.